वर्गणी आणि देणगी : ‘ह्यूस्टन लँडिंग’चं काय झालं?

वर्तमानपत्र बंद पडलं की आपल्याकडे कारणं ठरलेली असतात. पैसा नव्हता. वाचक नव्हते. नाहीतर सरकारने किंवा मालकाने गळा दाबला. ‘ह्यूस्टन लँडिंग’ या वेबसाइटच्या बाबतीत यातलं एकही कारण धड लागू पडत नाही, आणि म्हणूनच तिची गोष्ट मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. जानेवारी 2022 मध्ये तिची घोषणा झाली तेव्हा पहिली बातमी लिहिण्याआधीच 2 कोटी डॉलरहून जास्त रकमेची सोय झालेली होती. 2023 च्या उन्हाळ्यात ती पूर्ण ताकदीने सुरू झाली. आणि 15 एप्रिल 2025 ला संचालक मंडळाने जाहीर केलं की मेच्या मध्यापर्यंत काम थांबेल. 43 जणांच्या नोकऱ्या गेल्या. बालवाडीत घातलेलं मूल पहिलीत जायच्या आत सगळा खेळ आटोपला.

तुमच्यापैकी जे अमेरिकेत राहतात त्यांना डिसेंबर महिन्यातल्या ईमेल ठाऊक असतील. वर्ष संपत आलं की सगळ्या ना-नफा संस्था देणगी मागतात आणि ‘ही रक्कम करातून वजा होते’ हे वाक्य तळाशी असतं. गेल्या दीड-दोन दशकांत या रांगेत प्राणिमित्र संस्था आणि अन्नछत्रांच्या बरोबरीने बातम्यांच्या वेबसाइटही उभ्या राहिल्या आहेत. जाहिराती गूगल आणि फेसबुकने नेल्या, स्थानिक वर्तमानपत्रं आटली, तेव्हा अमेरिकेतल्या काही पत्रकारांनी आणि धनिकांनी ठरवलं की बातमी हा धंदा राहिला नसेल तर ते सार्वजनिक काम समजून चालवू. टेक्ससमधलं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ऑस्टिनचं ‘टेक्सस ट्रिब्यून’. जॉन थॉर्नटन या गुंतवणूकदाराने स्वतःचे 10 लाख डॉलर घातले, इव्हान स्मिथ आणि रॉस रॅमसी हे दोन मुरलेले पत्रकार सोबत घेतले, आणि नोव्हेंबर 2009 मध्ये राज्याच्या राजकारणाला वाहिलेली वेबसाइट सुरू झाली. ती टिकली. तिच्याकडे बघूनच पुढच्या अनेकांना वाटलं, की हे जमतं.

ह्यूस्टनला अशा वेबसाइटची गरज होती का? होती, आणि ती जुनी होती. देशातल्या या चौथ्या क्रमांकाच्या शहरात ‘ह्यूस्टन पोस्ट’ एप्रिल 1995 मध्ये बंद पडला, तेव्हापासून एकच मोठं दैनिक उरलं : ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’, मालक हर्स्ट कंपनी. आता यातली खरी गंमत बघा. हर्स्टच्या आधी क्रॉनिकल कोणाचं होतं? ह्यूस्टन एंडाउमेंट या धर्मादाय संस्थेचं. जेसी जोन्स हे शहराचे मोठे बांधकाम व्यावसायिक आणि रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळातले वाणिज्यमंत्री. क्रॉनिकल त्यांच्या मालकीचं होतं, आणि 1937 मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नीने स्थापन केलेल्या संस्थेकडे ते गेलं. 1969 च्या कर कायद्याने असल्या संस्थांना धंदे ताब्यात ठेवायला मनाई केली, म्हणून 1987 मध्ये एंडाउमेंटने क्रॉनिकल हर्स्टला 41.5 कोटी डॉलरना विकलं.

आणि 35 वर्षांनी हीच संस्था लँडिंगच्या मुख्य देणगीदारांत होती. सोबत किंडर फाउंडेशन, म्हणजे पाइपलाइनच्या धंद्यातले रिचर्ड किंडर. आर्नल्ड व्हेंचर्स, म्हणजे एन्‌रॉनमधून बाहेर पडून ऊर्जा-व्यापारात अब्जाधीश झालेले जॉन आर्नल्ड. आणि राष्ट्रीय पातळीवरचे नाइट फाउंडेशन व अमेरिकन जर्नलिझम प्रोजेक्ट. म्हणजे शहरातल्या धनिकांनी आधी वर्तमानपत्र विकलं, मग ते अपुरं पडतंय असं वाटून नवं काढायला पैसे दिले. यात मला कुठलं कारस्थान दिसत नाही. दोन्ही वेळा निर्णय त्याच मूठभर टेबलांभोवती झाला, एवढंच सांगायचं आहे. तिसऱ्या वेळीही, म्हणजे बंद करतानाही, तसंच झालं.

पण आधी कामाबद्दल बोलू. वेबसाइट बंद पडली की लोक फक्त तिच्या हिशेबावर लिहितात, तिने काय लिहिलं ते कोणी वाचत नाही. लँडिंगचं सगळ्यात चांगलं काम, माझ्या मते, शाळांवरचं होतं. 1 जून 2023 ला टेक्सस राज्याने ह्यूस्टन इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सुमारे 1,80,000 विद्यार्थ्यांचा, राज्यातला सगळ्यात मोठा शाळा-जिल्हा, ताब्यात घेतला. निमित्त होतं व्हीटली हायस्कूल वर्षानुवर्षं नापास ठरण्याचं. लोकांनी निवडून दिलेलं शिक्षण मंडळ बाजूला झालं, राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी नेमलेले नऊ जण आले आणि अधीक्षक म्हणून माइक माइल्स आले, जे आधी डॅलसला अधीक्षक होते आणि नंतर चार्टर शाळांची साखळी चालवत होते. काही शाळांमधली ग्रंथालयं बंद झाली आणि त्या जागी वर्गातून बाहेर काढलेल्या मुलांना बसवायची सोय झाली. शिक्षकांच्या हातात ठरीव धडे आणि मिनिटांचं गणित आलं.

आता विचार करा. शिक्षण मंडळ निवडून आलेलं असतं तेव्हा चिडलेला पालक निदान म्हणू शकतो, ‘पुढच्या वेळी पाडतो तुम्हाला.’ इथे पाडायला कोणी नव्हतं. अशा वेळी बैठकीत मागच्या रांगेत बसलेला वार्ताहर हा एकटाच राहतो ज्याला उत्तर द्यावं लागतं. लँडिंगने हे काम नेटाने केलं. किती शिक्षक सोडून गेले, परीक्षेचे आकडे वर गेले म्हणजे नक्की काय झालं, कुठल्या शाळेत काय बदललं, हे आकडे मागवून, तक्ते मांडून, शाळाशाळांत जाऊन लिहिलं. माइल्स यांच्या समर्थकांचं म्हणणंही दिलं. गुण सुधारले तिथे सुधारले असं लिहिलं. नोव्हेंबर 2024 मध्ये याच जिल्ह्याचा 440 कोटी डॉलरचा कर्जरोखे प्रस्ताव मतदारांनी ठामपणे फेटाळला. शाळांना पैसा हवा हे मान्य असलेल्या लोकांनीसुद्धा विरोधात मत दिलं, कारण निवडून न आलेल्यांच्या हाती तो द्यायचा नव्हता. हा निकाल अचानक आकाशातून पडला नाही हे ज्यांना आधीच्या दीड वर्षात कळत गेलं, त्यांच्यात लँडिंगचे वाचक होते.

महापौरपदाची 2023 ची निवडणूक मात्र तिला तितकीशी पेलली नाही. जॉन व्हिटमायर आणि शीला जॅक्सन ली, दोघंही डेमोक्रॅट, दोघंही कित्येक दशकांपासून राजकारणात. डिसेंबरच्या फेरमतदानात व्हिटमायर जिंकले. लँडिंगच्या बातम्या अचूक होत्या, समतोल होत्या, आणि बऱ्याचदा वाचून झाल्यावर हातात काहीच उरत नव्हतं. हा दोष फक्त लेखणीचा नव्हता. अमेरिकेच्या कर कायद्याच्या 501(सी)(3) कलमाखाली नोंदलेल्या संस्थेला कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. क्रॉनिकलचं संपादकीय मंडळ ‘याला मत द्या’ म्हणू शकतं; लँडिंग नाही. तुम्ही म्हणाल, ते बरंच आहे की. वर्तमानपत्राने कशाला सांगावं कोणाला मत द्यायचं?

ज्यांनी हॅरिस काउंटीची मतपत्रिका पाहिली आहे ते असं म्हणणार नाहीत. टेक्ससमध्ये न्यायाधीशसुद्धा पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात. नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीत एकट्या न्यायाधीशांच्याच डझनावारी जागा असतात. पूर्वी एक बटण दाबून सगळं मत एका पक्षाला देता यायचं. 2020 पासून ती सोय गेली. आता प्रत्येक नावापुढे थांबायचं. पन्नासाव्या नावाशी पोचलेल्या माणसाला ‘दोन्ही उमेदवारांची पार्श्वभूमी अशी आहे’ हे वाचायचं नसतं, त्याला कोणीतरी विश्वासाचा माणूस हवा असतो जो म्हणेल, ‘हा बरा आहे.’ राजकारणावर लिहिणाऱ्या ना-नफा वेबसाइटने मतदाराला केंद्राच्या दारापर्यंत न्यायचं आणि तिथे हात सोडायचा, अशी ही व्यवस्था आहे. ट्रिब्यूनलाही तीच अडचण आहे. पण ट्रिब्यूनचा मूळ वाचक ऑस्टिनच्या विधानभवनाभोवती फिरणारा, स्वतःचं मत असलेला. त्याला सल्ला नको असतो, माहिती हवी असते. शहराच्या वेबसाइटचा वाचक वेगळा. लँडिंगने हा फरक पुरेसा ओळखला नाही असं मला वाटतं.

मग जानेवारी 2024. वेबसाइट पूर्ण सुरू होऊन एक वर्षही झालं नव्हतं. मुख्य कार्यकारी अधिकारी पीटर भाटिया यांनी एकाच दिवशी संपादक मिझानुर रहमान आणि शोधपत्रकार अ‍ॅलेक्स स्टकी यांना काढून टाकलं. रहमान आधी क्रॉनिकलमध्ये होते. स्टकी 2017 मध्ये पुलित्झर मिळवणाऱ्या ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’च्या चमूत होत्या. भाटियाही लहान नाव नव्हे : वडील लखनौचे, आणि अमेरिकेतल्या मोठ्या दैनिकाचं प्रमुखपद भूषवणारे ते दक्षिण आशियाई वंशाचे पहिले संपादक. ‘ओरेगोनियन’ आणि ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ त्यांनी चालवलेली. कारण असं दिलं गेलं की वेबसाइटला नव्याने मांडणी हवी, छापील वर्तमानपत्राची सवय सोडून डिजिटल पद्धतीने विचार करायला हवा. न्यूजरूमने संचालक मंडळाला निषेधाचं पत्र लिहिलं. पुढे तिथल्या पत्रकारांनी कामगार संघटनाही बांधली.

या प्रसंगावर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक सगळं ‘बरोबर कोण’ या अंगाने. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. पत्र मंडळाला लिहिलं गेलं. वाचकांना कोणी विचारलं नाही, आणि वाचकांकडे विचारायला येण्याचा कुठला रस्ताही नव्हता. ‘आमच्या पैशांवर चालतंय, आमचा संपादक का काढलात?’ असं म्हणण्याचा हक्क ज्याचा असायला हवा असा माणूस त्या रचनेत नव्हताच.

इथे मला आपल्या भाषेतले दोन शब्द फार उपयोगी पडतात. इंग्रजीत दोन्हीसाठी सरसकट ‘डोनेशन’ म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे देणगी वेगळी आणि वर्गणी वेगळी. देणगी देणारा मोठा असतो. देतो आणि बाजूला होतो, फार तर संगमरवरी पाटीवर नाव लागतं. पुढच्या वर्षी द्यायची की नाही ही त्याची मर्जी. वर्गणी देणारा सामान्य असतो. गणपतीच्या मंडळाला 51 रुपये दिले की पावती फाडून घेतो, आणि मग वर्षभर त्याला बोलायचा हक्क असतो : मांडव लहान का, लाउडस्पीकर मोठा का, गेल्या वर्षीचा हिशेब कुठे आहे. मराठी नियतकालिकं वाढली ती वर्गणीदारांवर. केसरीपासून ते आजच्या अनियतकालिकांपर्यंत संपादकाला वर्गणीदार हा डोकेदुखी वाटत आला आहे, आणि तोच त्याचा आधारही राहिला आहे.

लँडिंगकडे देणगी होती. वर्गणी उभी राहिली नाही. बंद करताना मंडळाने जे सांगितलं त्याचा आशय हाच होता : वाचक जमले, पण खर्च भागेल इतकं दुसरं उत्पन्न जमलं नाही. मंडळाच्या अध्यक्ष होत्या ह्यूस्टन एंडाउमेंटच्या प्रमुख अ‍ॅन स्टर्न. देणगीदारांनी बातम्यांत ढवळाढवळ केली असा माझा आरोप नाही. त्याची गरजच पडत नाही. संस्था जगेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार आणि तिचे वाचक असण्याचा अनुभव, या दोन गोष्टी वेगवेगळ्या माणसांकडे होत्या.

माझा ढोबळ हिशेब सांगते. अमेरिकेत एका पत्रकारावर पगार, विमा, कर धरून वर्षाला लाख डॉलर तरी जातात. 43 माणसं म्हणजे 43 लाख, वर जागा, तंत्रज्ञान, वकील. सुरुवातीची 2 कोटींची रक्कम या वेगाने तीन-चार वर्षांत संपणारच. हेच 2 कोटी गुंतवून वर्षाला 5 टक्के काढले असते तर 10 लाख मिळाले असते. त्यात नऊ-दहा माणसं बसतात, पण कायमची. नऊ जणांची वेबसाइट देशातल्या सगळ्यात मोठ्या ना-नफा स्थानिक न्यूजरूमपैकी एक म्हणून गाजली नसती, उद्घाटनाला कोणी बाहेरून आलं नसतं. पण शाळा-जिल्ह्यावर दोन, काउंटीवर दोन, नगरपालिकेवर दोन वार्ताहर कुठल्याही मंडळाची मर्जी न सांभाळता बसवता आले असते.

मोठ्या फाउंडेशनांना हा मार्ग सहसा आवडत नाही. त्यांची भाषा नव्या कंपन्यांची असते : सुरुवातीला भरपूर पैसा घाला, झपाट्याने वाढा, तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभे राहा. सॉफ्टवेअरमध्ये हे चालतं, कारण एकदा लिहिलेला प्रोग्रॅम दहा लाख लोक वापरतात. शाळेच्या बैठकीला मात्र दर वेळी नव्याने कोणीतरी जाऊन बसावं लागतं.

आणि हे ह्यूस्टनला पहिल्यांदा घडलं असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वॉरन हेलमन या गुंतवणूकदाराच्या 50 लाख डॉलरवर 2010 मध्ये ‘बे सिटिझन’ सुरू झालं, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला पानं पुरवू लागलं. डिसेंबर 2011 मध्ये हेलमन वारले. पुढच्याच वर्षी बे सिटिझन दुसऱ्या संस्थेत विलीन झालं आणि काही काळाने नावही गेलं. ‘शिकागो न्यूज कोऑपरेटिव्ह’ 2009 ला सुरू होऊन 2012 ला थांबलं. याउलट व्हरमाँटमध्ये, ज्या अख्ख्या राज्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास, अ‍ॅन गॅलोवे या नोकरी गेलेल्या संपादिकेने 2009 मध्ये जवळजवळ एकटीने ‘व्हीटीडिगर’ काढलं. वर्षाला एक-दोन माणसं, दरवर्षी थोडे सदस्य, असं ते वाढत गेलं. आजही चालू आहे. ट्रिब्यूनही पहिल्यापासून सदस्य, प्रायोजक आणि 2011 पासूनचा वार्षिक महोत्सव अशा खांबांवर उभं राहिलं. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनाही 11 जणांना काढावं लागलं, पण घर पडलं नाही. अर्थात वर्गणीचंही फार कौतुक नको. वर्गणीदारही फक्त स्वतःच्या गल्लीची बातमी मागतात, आणि ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांच्या शाळेची बातमी मग कोण लिहिणार हा प्रश्न उरतोच. लँडिंग सगळ्यांना मोफत होतं, ते याचसाठी.

आता थोडं आपल्याबद्दल. ह्यूस्टन परिसरातली मराठी कुटुंबं राहतात कुठे? बहुतेक केटी, शुगर लँड, पेअरलँड, सायप्रस. घर घेताना पहिली चौकशी शाळा-जिल्ह्याची, आणि ती चौकशी ह्यूस्टनचा मोठा शाळा-जिल्हा टाळण्यासाठीच असते. मग लँडिंगने त्या जिल्ह्यावर वर्षभर खपून लिहिलेली मालिका आपल्याला ‘त्यांची’ बातमी वाटते. फोर्ट बेंड काउंटीत 2018 मध्ये केरळमधून आलेले के. पी. जॉर्ज काउंटी जज म्हणून निवडून आले तेव्हा सगळ्या भारतीय वसाहतींमध्ये पेढे वाटले गेले असतील. पण त्या काउंटीचं अंदाजपत्रक कोण वाचतं हा प्रश्न आपल्या स्नेहसंमेलनात मी कधी ऐकलेला नाही. मंडळाची वार्षिक वर्गणी आपण न चुकता भरतो, कारण दिवाळीच्या कार्यक्रमाचं तिकीट स्वस्त पडतं. भारतातल्या बातम्यांच्या यूट्यूब वाहिन्यांनाही महिना ठरावीक रक्कम पाठवणारे श्रोते मला माहीत आहेत. ज्या गावात मालमत्ता-कर भरतो त्या गावच्या बातमीची पावती मात्र क्वचितच कोणाच्या घरी सापडेल. लँडिंगच्या लोकांनीही आपल्या वसाहतींत येऊन ती पावती फाडायचा फारसा प्रयत्न केला असं दिसत नाही. 145 भाषा बोलल्या जातात असं जे शहर अभिमानाने सांगतं, तिथे 2 कोटींच्या वेबसाइटने दारोदार वर्गणीला जाणं जरा कमीपणाचं वाटलं असावं.

बंद होताना मंडळाने सांगितलं की टेक्सस ट्रिब्यूनशी ह्यूस्टनमध्ये काही सुरू करण्याबद्दल बोलणी चालू आहेत. म्हणजे पुन्हा मोठी संस्था, पुन्हा वरून खाली. जूनच्या सुरुवातीला, लँडिंग बंद होऊन दोन-तीन आठवडे होत असताना, राज्याच्या शिक्षण खात्याने शाळा-जिल्ह्यावरचा ताबा 2027 पर्यंत वाढवला. क्रॉनिकलने ती बातमी दिली, ह्यूस्टन पब्लिक मीडियाने दिली. बैठका ठरल्या वेळी होत आहेत, त्या अजूनही कोणालाही जाऊन ऐकता येतात.